शिट्ट्या मोजून मासा टिकत नाही : घरी प्रेशर कॅनिंग सुरू करण्याआधी



गेल्या महिन्यापासून संस्थेच्या कार्यालयात आणि फोनवर एकच प्रश्न येतोय. "सचिव साहेब, ते बरणीत मासे भरून ठेवायचं काय झालं? परत कधी करायचं?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देऊन दमलो, म्हणून आज सगळं एकदाच लिहितो आहोत. लांब होईल, पण पूर्ण वाचा. अर्धवट वाचून कुणी गॅस पेटवू नये, एवढीच विनंती.

आधी झालं काय ते सांगतो, कारण लष्करात याची निम्मी-अर्धी गोष्टच फिरते आहे.

आपल्याकडे 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, नियम योग्यच आहे. पण मे महिन्यात काय होतं ते आपण सगळेच बघतो. पाणी उतरलेलं असतं, जाळ्यात माल भरपूर येतो, रोहू, कतला, नरैन सगळं एकदम मंडीत उतरतं आणि भाव पडतो. बर्फ सकाळी घेतलेला दुपारपर्यंत पाणी. आणि पुढचे दोन महिने हात रिकामे. अशा वेळी आपल्या बचत गटातल्या एका वहिनींनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातली एक बाई काचेच्या बरणीत मासा भरते, मोठ्या कुकरमध्ये ठेवते आणि वर्षभर फडताळात ठेवून खाते. फ्रीज नाही, बर्फ नाही. सगळ्यांचे डोळे चमकले. आमचेही चमकले, खोटं कशाला बोला.

मग आम्ही तेच केलं जे करायला नको होतं. घरचा 5 लिटरचा कुकर घेतला, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेतल्या, रोहूचे तुकडे मीठ-हळद लावून भरले, झाकणं घट्ट केली आणि कुणी म्हणालं आठ शिट्ट्या, कुणी म्हणालं दहा. दहा केल्या. पहिल्याच खेपेला एक बरणी कुकरमध्ये फुटली. बाकीच्या छान दिसत होत्या. झाकण आत ओढलं गेलेलं, "टक्" असा आवाजसुद्धा आला. तीन दिवसांत मिळून अकरा बरण्या तयार झाल्या. सगळ्यांनी आपापल्या घरी नेल्या.

अठराव्या दिवशी एका घरातल्या बरणीचं झाकण फुगलं. उघडली नाही, त्यांनी सरळ कार्यालयात आणून टेबलावर ठेवली. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा या विषयावर नीट वाचायला बसलो, आणि जसजसं वाचत गेलो तसतसा घाम फुटत गेला. रात्रीच फोन करून सगळ्यांच्या बरण्या परत मागवल्या. नऊ आल्या. दहावी आपल्या एका काकूंनी मुलीच्या सासरी इंदूरला पाठवली होती. आपल्या हातचा मासा लेकीने खावा म्हणून, दुसरं काय. रात्री साडेदहाला काकूंनी लेकीला फोन लावला, तो उचलेना. सकाळी सहापर्यंत त्या घरात कुणी झोपलं नाही. सकाळी लेक म्हणाली, "अगं आई, बरणी तशीच आहे, रविवारी पाहुणे येणार होते म्हणून ठेवली होती." त्या रविवारी पंगतीला सात माणसं बसणार होती.

हे सगळं लिहिताना लाज वाटते, पण लिहिणं भाग आहे. कारण परवा एका सभासदाने सांगितलं की त्यांच्या शेजारी अजून हाच प्रकार चालू आहे, फक्त शिट्ट्या दहाच्या पंधरा केल्या आहेत.

आता मुद्द्याचं. दहा शिट्ट्यांत मासा शिजतो की नाही? शिजतो, अगदी मऊ होतो. मग अडचण कुठे?

अडचण एका जंतूची आहे. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हा मातीत असतो, तलावाच्या गाळात असतो, म्हणून माशाच्या कल्ल्यांत आणि पोटातही असू शकतो. एरवी तो आपलं काही बिघडवत नाही. संकट आलं की तो बीजरूपात जातो, म्हणजे एखाद्या कडक कवचाच्या बीसारखा होऊन पडून राहतो. ही बी उकळत्या पाण्याला दाद देत नाही. तासन् तास उकळलं तरी जिवंत राहू शकते. आणि तिला पुन्हा जागं व्हायला काय लागतं बघा : हवा नको, ओलावा हवा, आंबटपणा नको, आणि घरातली साधी उष्णता. म्हणजे घट्ट झाकणाची माशाची बरणी. आपण हवा काढून घेतो, बाकीचे जंतू मारून टाकतो आणि या एकालाच अंगण मोकळं करून देतो. तिथे तो वाढतो आणि विष तयार करतो. ते विष नसांवर काम करतं. डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, घास गिळवत नाही, हातापायातली ताकद जाते आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात. बहुतेक वेळा खाल्ल्यापासून 12 ते 36 तासांत सुरू होतं, पण काही दिवसांनीही होऊ शकतं. याला बॉट्युलिझम म्हणतात. वेळेवर मोठ्या इस्पितळात नेलं तर औषध आहे, पण डॉक्टरांना "घरी बंद केलेल्या बरणीतलं खाल्लं होतं" हे सांगावं लागतं, नाहीतर त्यांनाही लवकर सुचणार नाही.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट. झाकण फुगलंच पाहिजे, वास आलाच पाहिजे असं काही नाही. आमच्या अकरापैकी एक फुगली म्हणून आम्ही सावध झालो. बाकीच्या नऊ दिसायला उत्तम होत्या. त्यांत विष होतं का? आम्हाला माहीत नाही आणि चाखून बघायची सोय नाही.

कुणी म्हणेल हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे असं होत नाही. 1996 मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेतली मुलं आजारी पडली, काही दगावली, आणि तपासात बोट बॉट्युलिझमकडे आणि शेवेकडे गेलं होतं. परदेशातलंच उदाहरण हवं तर 2015 च्या एप्रिलमधलं घ्या. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या लँकेस्टर गावी चर्चच्या सामुदायिक जेवणात बटाट्याचं सॅलड होतं. बटाटे घरी बरणीत बंद केलेले होते, पण प्रेशरखाली नाही, नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून. 29 माणसं आजारी पडली, एक गेलं. करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. आपल्या काकूंचा तरी कुठे होता?

माशाचंही उदाहरण आहे. 1978 साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला चौघा वयस्कर माणसांनी एक सॅल्मनचा डबा उघडून खाल्ला. कारखान्यातला डबा, तरी त्याला बारीकसं छिद्र पडलेलं होतं. चौघांपैकी दोघे वाचले नाहीत. कारखान्यात उष्णता बरोबर दिली होती, चूक नंतर झाली. सांगायचं हे की उष्णता आणि झाकण, दोन्ही पक्कं लागतं.

मग आजीचं लोणचं कसं टिकतं, असा प्रश्न आपल्या बैठकीत आलाच होता. लोणचं टिकतं ते आंबटपणामुळे आणि मिठामुळे. आंबटपणा मोजायचं एक माप आहे, पीएच. ते 4.6 किंवा त्याखाली असेल तर या जंतूला वाढता येत नाही. कैरी, लिंबू, चिंच सगळे त्याच्या खाली. टोमॅटो अगदी सीमेवर, म्हणून टोमॅटो बरणीत बंद करताना लिंबाचा रस घालावाच लागतो. मासा, मटण, मटार, घेवडा, बटाटा, हरभरा हे सगळे 4.6 च्या वर. आंबट वस्तू उकळत्या पाण्यात बरणी बुडवून बंद करता येते. बिनआंबट वस्तूला प्रेशर पाहिजेच, दुसरा रस्ता नाही. आणि वरून तेलाचा थर ओतला म्हणजे झालं असं समजू नका. तेल हवा अडवतं, म्हणजे या जंतूच्या सोयीचंच करतं.

प्रेशरचं गणित सोपं आहे. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांवर उकळतं, खाली कितीही जाळ करा, त्याच्यावर जात नाही. भांडं बंद करून वाफ कोंडली की तापमान वर चढतं. 10 पौंड दाबाला साधारण 116 अंश, 15 पौंडाला 121 अंश. ती कडक बी मरते ती या तापमानाला, आणि तीही ठरावीक वेळ दिला तरच. वेळही बरणीच्या बाहेरचा नाही, आतल्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचून तिथे मुरायला लागतो तो. म्हणून बरणी मोठी तर वेळ जास्त. पातळ रस्सा असला तर वेगळा, घट्ट भरलं तर वेगळा.

"पण आपला कुकरसुद्धा 15 पौंडाचाच असतो ना?" हा प्रश्न आपल्या एका तरुण सभासदाने विचारला आणि प्रश्न बरोबर होता. आपले घरगुती कुकर साधारण त्याच दाबावर चालतात. तरी ते कॅनिंगला चालत नाहीत. का, ते इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण गोम इथेच आहे.

पहिलं, हवा. कुकर बंद करताना आत हवा असते. ती बाहेर काढली नाही तर काटा दाब दाखवतो, पण आत हवा-वाफेचं मिश्रण असतं आणि ते त्याच दाबाला शुद्ध वाफेपेक्षा थंड असतं. म्हणून कॅनरमध्ये वजन न ठेवता जोरदार वाफ 10 मिनिटं सलग सोडून द्यावी लागते, मग वजन ठेवायचं. आम्ही हे केलंच नव्हतं, माहीतच नव्हतं. दुसरं, शिट्टी. शिट्टी म्हणजे वाफ भसकन बाहेर, दाब खाली, परत वर. शिट्टीने डाळ शिजली की नाही कळतं. आतला दाब सलग शंभर मिनिटं एका जागी राहिला का, हे शिट्टी सांगत नाही. तिसरं, आकार. लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो. कॅनिंगच्या ज्या वेळा तपासून ठरवल्या आहेत, त्यात मोठं भांडं हळूहळू तापण्याचा आणि हळूहळू निवण्याचा वेळही धरलेला आहे. लहान कुकरमध्ये तेवढी उष्णता कमी पडते. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे की ज्यात एक क्वार्टच्या, म्हणजे साधारण 950 मिलीच्या, निदान चार बरण्या उभ्या मावतात तोच कॅनर. आणि चौथं म्हणजे पाणी. आपल्या कुकरमध्ये शंभर मिनिटं शिट्ट्या होऊ दिल्या तर पाणी आटून व्हॉल्व्ह उडेल, दुसरं काही नाही.

बरण्यांचंही तेच. लोणच्याची किंवा जॅमची बरणी या दाबासाठी केलेली नसते. यासाठी जाड काचेची, दोन भागांचं झाकण असलेली बरणी लागते. एक चपटी चकती, तिच्या कडेला रबरासारखा थर, आणि वरून आटे असलेली कडी. चकती एकदाच वापरायची, कडी पुन्हा चालते. हिला मेसन जार म्हणतात, जॉन मेसन नावाच्या अमेरिकन माणसाने 1858 साली आट्यांच्या बरणीचं पेटंट घेतलं म्हणून. बाजारात सरबत प्यायला त्याच नावाच्या दांडीवाल्या बरण्या मिळतात. दिसायला तशाच, पण कॅनिंगसाठी नाहीत. घेताना नीट विचारून घ्या.

थोडं विषयांतर. बरणी हवाबंद करून गरम करायची युक्ती निकोला अपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने काढली, ती सरकारने लष्कराच्या जेवणासाठी बक्षीस लावलं होतं म्हणून. त्याचं पुस्तक 1810 चं. आणि त्याच सुमाराला दौलतराव शिंद्यांचं लष्कर इथे तळ ठोकून बसलं, ज्याचं हे आपलं गाव झालं. तिकडे लष्करासाठी बरण्या भरत होते आणि इकडे लष्कराला काय शिधा होता कोण जाणे! पण अपेरला जंतू माहीत नव्हते, तो फक्त अनुभवाने करत होता. नंतरच्या लोकांनी प्रयोग करून वेळ आणि तापमान ठरवलं, आणि मधल्या काळात माणसं मेली. आता त्या ठरलेल्या वेळा आयत्या मिळत असताना आपण पुन्हा अंदाजाने का करायचं?

तर समजा खरा कॅनर आणला. काम कसं चालतं ते सांगतो. पहिल्या दिवशी बरणी भरायचीच नाही. नुसतं पाणी घालून चालवून बघायचा. रबर, झाकण, व्हॉल्व्ह, वजन सगळं ओळखीचं होऊ द्यायचं. आपल्या शेगडीवर दाब किती जाळाला टिकतो ते कळतं. ज्याने हे केलं नाही त्याने मालाला हात लावू नये.

मग तळाला जाळी, तिच्यावर बरण्या, आणि तळात यंत्राच्या पुस्तकात सांगितलं असेल तेवढं पाणी, साधारण 2 ते 3 इंच. बरण्या पाण्यात बुडवायच्या नसतात. बरणी काठोकाठ भरायची नाही, वर एक इंच जागा सोडायची. काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसायचा, कारण तेलाचा एक डाग राहिला तरी झाकण पकडत नाही. कडी बोटांनी लागेल तेवढीच घट्ट, पैलवानी करायची नाही, आतली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. कॅनरचं झाकण लावून वाफेचा सरळ झोत सुरू झाला की घड्याळ लावून 10 मिनिटं सोडायचा. मग वजन ठेवायचं. दाब ठरल्या जागी आला की तिथून वेळ मोजायला सुरुवात, त्याच्या आधी नाही.

ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे. उंच डोंगरावर दाब वाढवावा लागतो, आपल्याला ती भानगड नाही. वजनाचा कॅनर असेल तर 10 पौंड, काट्याचा असेल तर 11 पौंड. मधे दाब त्याच्या खाली गेला, मग तो एका मिनिटासाठी का असेना, तर पुन्हा दाब आणून घड्याळ शून्यापासून. 80 मिनिटं झाली होती, उरलेली 20 करू, असं चालत नाही. आपल्याकडे याचं मुख्य कारण सिलिंडर संपणे. म्हणून या कामाला भरलेला सिलिंडर लावा, आणि तो कधी बसवला ते लिहून ठेवा.

वेळ संपली की गॅस बंद आणि हात मागे. घाईने नळाखाली धरायची आपली सवय इथे अजिबात नको, वजन उचलून वाफ काढायची नाही. एकदम थंड केलं तर बरणीतला रस बाहेर येतो, काच तडकते, आणि तो हळूहळू निवण्याचा वेळ जो हिशेबात धरलेला आहे तोही जातो. दाब आपोआप शून्यावर येऊ द्या, वजन काढून आणखी 10 मिनिटं थांबा, मग झाकण आपल्यापासून दूर उचलून उघडा. बरण्या फडक्यावर ठेवा आणि 12 ते 24 तास हलवू नका. दुसऱ्या दिवशी चकती मधे दाबून बघा. आत बसलेली आणि न हलणारी असेल तर बसली. टकटक वर-खाली होत असेल तर ती बरणी टिकवायची नाही. लगेच फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत खा.

आता माशाकडे येतो, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं आहे.

मासा धरल्यापासून दोन तासांच्या आत पोट साफ, आणि भरेपर्यंत बर्फात. डोकं, शेपूट, पर, खवले काढून रक्त धुवून टाकायचं, साधारण साडेतीन इंचांचे तुकडे. पिंटच्या म्हणजे अर्ध्या लिटरहून थोड्या लहान बरणीत भरायचे, पाणी घालायचं नाही, माशाचं स्वतःचं पाणी सुटतं. वेळ 100 मिनिटं. बरोबर वाचलंत, शंभर. आणि मोठ्या बरणीला हा वेळ लागू नाही. इतकं शिजल्यावर काटे मऊ होऊन खाता येतात. कधीकधी थंड झाल्यावर काचेच्या खड्यांसारखे स्फटिक दिसतात. ते मिठासारखे क्षार असतात, गरम केल्यावर बहुधा विरघळतात, घाबरायचं कारण नाही.

पण थांबा. ही 100 मिनिटांची वेळ अमेरिकेत ज्या माशांसाठी दिली आहे ती यादी आम्ही बघितली. सॅल्मन, ट्राउट, मॅकरेल म्हणजे आपला बांगडा, असे तेलकट मासे. ट्यूनासाठी वेगळी पद्धत आहे. त्या यादीत रोहू नाही, कतला नाही, नरैन नाही. ते कुठून असणार, ते मासे तिकडचे नाहीत. कुणी म्हणेल मासा तो मासा. असेलही. पण आमच्या दहा शिट्ट्यासुद्धा अशाच "असेलही" वर झाल्या होत्या. आणि हळद, मसाला, कांदा, तेल घालून केलेला रस्सा तर पूर्ण वेगळी वस्तू. त्यात उष्णता वेगळ्या वेगाने फिरते, त्याला ही वेळ लावताच येत नाही.

म्हणून कार्यकारिणीने ठरवलं आहे ते असं. संस्था एक कॅनर आणि दोन डझन बरण्या घेईल. तो कार्यालयात राहील, कुणाच्या घरी जाणार नाही. सुरुवात माशाने नाही, मटारने करायची. हिवाळ्यात इथे मटार ढिगाने येतो आणि स्वस्त असतो. सोललेल्या ताज्या मटारची वेळ लहान-मोठ्या दोन्ही बरण्यांना 40 मिनिटं, दाब तोच. चूक झाली तर नुकसान थोडं. मटारही बिनआंबटच आहे, म्हणजे नियम सगळे पाळावेच लागतील, हात त्यावर बसेल. त्यानंतर भिजवलेला हरभरा, लहान बरणीला 75 मिनिटं.

माशासाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेकडे, म्हणजे सीआयएफटीकडे, लेखी विचारणा करायचं ठरलं आहे. त्या संस्थेने माशाची आमटी जाड थैलीत बंद करून दाबाखाली शिजवायची पद्धत विकसित केली आहे, रिटॉर्ट पाउच म्हणतात तिला, ती थैली फ्रीजशिवाय कित्येक महिने टिकते. गोड्या पाण्यातल्या माशासाठी त्यांच्याकडून वेळ मिळाली तर पुढचं बघू. तोपर्यंत बरणीत मासा नाही. कुणाला हे आवडलं नाही हे आम्हाला माहीत आहे. बैठकीत दोन सभासद उठून गेले, त्यातल्या एका दादांचं म्हणणं होतं की सचिव घाबरट आहेत. असू.

विक्रीबद्दलही एक सांगतो, कारण दोघा-तिघांच्या मनात तेच आहे. घरच्या स्वयंपाकघरात बंद केलेली बरणी बाहेर विकायची नाही. खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. पण कागदाचं सोडा, बाडा चौकात आपण विकलेली बरणी कुणाच्या पोटात जाईल आणि तो कुठे असेल हे आपल्याला कळणार नाही. इंदूरला निदान फोन लावता आला.

साठवण्याचं आपल्या गावाला खास सांगावं लागेल. या बरण्या थंड, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवायच्या असतात, 35 अंशांच्या वर तर नाहीच. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा 45 पार करतो. गच्चीवरची खोली, पत्र्याचं छप्पर, स्वयंपाकघरात शेगडीच्या वरचं फडताळ, सगळं बाद. इतक्या उष्णतेत माल नीट बंद केलेला असला तरी खराब होऊ शकतो. जुन्या वाड्यांत ज्यांच्याकडे तळघर आहे त्यांचं बरं आहे. बाकीच्यांनी हिवाळ्यात भरलेला मटार एप्रिलच्या आत संपवून टाकावा. प्रत्येक बरणीवर काय आहे आणि कधी भरलं ते लिहा, आणि ठेवताना वरची कडी काढून ठेवा, म्हणजे झाकण सुटलं तर लगेच दिसेल. उघडल्यावर माल भांड्यात काढून 10 मिनिटं खळखळून उकळा, मगच चव बघा. ते विष उकळण्याने नष्ट होतं, बी होत नाही. पण याचा अर्थ फुगलेली बरणी उकळून खाता येते असा काढू नका. ती फेकायचीच.

फेकायची कशी हेही विचारलं गेलं. बंद आणि फुगलेली बरणी उघडू नये, चाखू तर नयेच. जाड पिशवीत बांधून, जनावर उकरणार नाही असं खोल पुरावं. झाकण सुटलं असेल किंवा गळत असेल तर हातमोजे घालून, बरणीसकट मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून, झाकण ठेवून 30 मिनिटं उकळावी, मग फेकावी. उरलेलं कुत्र्या-मांजराला घालायची आपली रीत आहे, ती इथे नको. आमच्या दहा बरण्या अशाच कार्यालयामागे पुरल्या. इंदूरची तिथेच त्यांच्या अंगणात पुरली, लेकीने फोटो पाठवला.

मटारचा पहिला प्रयोग जानेवारीत, संस्थेच्या कार्यालयात. त्याच्या आधी एक दिवस नुसत्या पाण्यावर कॅनर चालवून दाखवू, त्या दिवशी जे येतील त्यांनाच दुसऱ्या दिवशी बरणी भरायला मिळेल. दिवस ठरला की इथेच कळवू. येताना घरचं घड्याळ किंवा मोबाईल आणा, आणि ज्यांच्या घरी अजून जुन्या पद्धतीची एखादी बरणी शिल्लक असेल त्यांनी ती न उघडता सोबत आणावी. कुणालाही काही बोललं जाणार नाही.

सचिव, आपली संस्था
लष्कर, ग्वाल्हेर